प्रकल्प नोंदी : कुमार कादंबरी, आगाऊ परीक्षण आणि अष्टमीची भरती

प्रकल्प : १३ ते १६ वयोगटासाठी कादंबरी. डेमी आकार, १७६ पानं, म्हणजे १६ पानी ११ फॉर्म (फॉर्म म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा संच). पहिली आवृत्ती ११०० प्रती. संपादन आणि मांडणी रत्नागिरीत, छपाई आणि बांधणी कोल्हापुरात. कथानक मालवण-देवगड पट्ट्यातल्या एका काल्पनिक वाडीतलं : रांपणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, चालणारं घर, चौदा वर्षांची मुलगी आणि खाडी ओलांडण्याची एक रात्र.

३ जून २०२५

हस्तलिखित जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलं. रूपांतर झालं म्हणजे काम झालं असं मानायचं नाही, खरं काम तिथून सुरू होतं. या पुस्तकात ‘दर्या’ हा शब्द पानोपानी आहे आणि रूपांतरात त्याच्या निम्म्याहून जास्त जागी ‘दऱ्या’ झाल्या. उलट ‘किनाऱ्यावर’चं ‘किनार्यावर’ आणि ‘वाऱ्याने’चं ‘वार्याने’ झालं. समुद्राच्या गोष्टीत वारा, किनारा आणि दर्या हे तीनच शब्द बिघडले तरी पुस्तक गेलंच.

‘शोधा आणि बदला’ इथे अर्धवट चालतं. कारण ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक, नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य, दुसरा, साधा र, हलन्त, मध्ये न दिसणारा जोडक आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा सुटतो. आधी सगळे एकाच पद्धतीत आणले, मग यादी काढून एकेक जागा डोळ्यांनी पाहिली. ‘दऱ्या’ सरसकट बदलता येत नाहीत, कारण प्रकरण ४ मध्ये सह्याद्रीतल्या खऱ्या दऱ्याही आहेत.

मांडणीच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाचा कंपोझर (अक्षरं आणि ओळी जुळवणारी सोय) ‘वर्ल्ड-रेडी’ ठेवला. साधा कंपोझर राहिला तर पहिली वेलांटी अक्षरामागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली. नाहीतर दोन्ही रूपं असलेला फॉन्टही हिंदी वळणाचे ल आणि श देतो. मुलांना ते वाचता येतात, पण शाळेच्या पुस्तकासारखे वाटत नाहीत.

९ जून २०२५

आगाऊ प्रती २५, डिजिटल छपाई. मुखपृष्ठावर वरच्या कोपऱ्यात ‘परीक्षणासाठी प्रत, विक्रीसाठी नाही’ आणि आतल्या पहिल्या पानावर ‘अंतिम मुद्रितशोधन बाकी, उद्धृत करण्यापूर्वी छापील आवृत्तीशी ताडून पाहावे’. दुसरी ओळ महत्त्वाची. ती नसेल तर आगाऊ प्रतीतली चूक परीक्षणात छापून येते आणि पुस्तकात ती दुरुस्त झालेली असूनही कायमची चिकटते.

वाटप : परीक्षण लिहिणारे ८, मराठीचे शिक्षक ६, ग्रंथपाल ४, वयोगटातली मुलं ४, हाताशी ३.

वजनाचा हिशेब. पान साडेपाच बाय साडेआठ इंच, ८८ कागद, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) : साधारण १८६ ग्रॅम. मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड : १९ ग्रॅम. एकूण २०५. पाकीट आणि आतली प्लास्टिक पिशवी धरून २३० च्या आत. टपाल खात्याच्या मे २०२५ पासूनच्या ‘ज्ञान पोस्ट’मध्ये ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये (कर वेगळा), त्यामुळे एक प्रत पहिल्याच टप्प्यात बसते. दोन प्रती एकत्र घातल्या की पुढचा टप्पा लागतो. ही सेवा जमिनीवरून जाते आणि पावसाळ्यात घाटावर वेळ खाते, म्हणून प्रकाशनाच्या दोन महिने आधी प्रती निघाल्या.

अडलं कुठे : या सेवेसाठी पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं. आगाऊ प्रतीत श्रेयपान कोरंच ठेवलं होतं. सगळ्या प्रती उघडून रबरी शिक्का मारावा लागला. पुढच्या वेळी श्रेयपान आधी भरायचं, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आला नसला तरी.

प्लास्टिक पिशवी आत, कागदी पाकीट बाहेर. जूनमध्ये उलटं करणाऱ्यांची पुस्तकं लाटेसारखी होऊन पोहोचतात.

सोबतचं पत्र अर्ध्या पानाचं : वयोगट, पानं, अपेक्षित किंमत, प्रकाशनाची तारीख, आणि शेवटी एक ओळ की तपशिलाची चूक दिसल्यास पान क्रमांकासह कळवावी. कथानकाचा सारांश दिला नाही. सारांश दिला की परीक्षणात तोच परत येतो.

२४ जून २०२५

पोच : ११. ‘वाचतो’ : ६. नुसतं अंगठ्याचं चिन्ह : ३. अंगठा हे परीक्षण नव्हे, नोंदीत वेगळ्या रकान्यात.

२ जुलै २०२५

पहिलं परीक्षण आलं. साधारण ९०० शब्द, एका मासिकाच्या ऑगस्ट अंकासाठी लिहिलेलं. समीक्षकांनी छापण्याआधी प्रत इकडे पाठवली, तपशील तपासायला.

भरभरून आहे. सार असं : मुलांसाठी लिहिताना लेखिका आवाज बारीक करत नाही; मुलीची भीती समजावून सांगत नाही, वल्ह्यावरच्या तिच्या हातांतून दाखवते; तळटीपा न देता मालवणी बोली वाहू दिली आहे आणि ती अडत नाही; शेवट गोड केलेला नाही. कुमारांसाठीच्या लेखनात मोठ्यांचं शहाणपण शेवटच्या पानावर येऊन उभं राहतं, तसं इथे होत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं आहे. या वयोगटाच्या पुस्तकावर इतकं सविस्तर आणि पुस्तक नीट वाचून लिहिलेलं क्वचितच मिळतं. बहुतेक वेळा ‘बालवाचकांना आवडेल’ यावर बोळवण होते, आणि चौदा वर्षांच्या मुलाला ‘बाल’ म्हटलं की तो पुस्तक खाली ठेवतो.

लेखिकेला पूर्ण वाचून दाखवलं. आनंद झाला, तो साहजिकच. मालवणहून खाजं आलं. जुलैत खाजं उघड्यावर तासाभरात मऊ पडतं, कागदाचं आणि त्याचं शत्रुत्व एकाच गोष्टीशी. दोन्ही डब्यात.

त्याच दिवशी करायच्या गोष्टी :

परीक्षण कुठेही पाठवायचं नाही, छायाचित्र काढून तर नाहीच. पहिल्या प्रसिद्धीचा हक्क मासिकाचा. आधी गटागटांत फिरलं तर मासिक ते मागे ठेवू शकतं, आणि छापील परीक्षण जाऊन हाती फक्त फिरता मजकूर उरतो.

मलपृष्ठावर एक वाक्य वापरायची परवानगी समीक्षक आणि मासिक या दोघांकडे लेखी मागितली. मागताना नेमकं वाक्य नंतर कळवू असं लिहायचं नाही. वाक्य, जागा आणि खाली कोणतं नाव जाईल हे सगळं त्याच पत्रात.

आणि खरा ऐवज परीक्षणाच्या बाहेर आहे. सोबतच्या चिठ्ठीत समीक्षकांनी चार त्रुटी पान क्रमांकासह कळवल्या आहेत, छापील परीक्षणात त्या घेतल्या नाहीत. छपाईच्या प्लेट अजून बनलेल्या नाहीत. स्तुती आठवडाभर थांबू शकते, या चार ओळी नाही.

१. पान ९१ : अष्टमीला पहाटे सहाला ओहोटी कशी?
२. पान ९७ : पाणी पंधरा फूट चढलं?
३. पान ३८ : जुलैत रांपण?
४. प्रकरण ६ आणि ७ ताणलेली वाटतात.

५ जुलै २०२५

भरतीचं प्रकरण. कादंबरीचा कणा इथे आहे, म्हणून सगळं मुळापासून तपासलं.

किनाऱ्यावरचा ढोबळ हिशेब : तिथीला पाऊणने गुणायचं, येते ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे अकरा-बाराच्या सुमारास. दिवसा आणि रात्री दोन्हीकडे लागू. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, भरती ते ओहोटी सहा तासांच्या थोडं वर, आणि रोज वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे येते, त्यामुळे मालवण-रत्नागिरीला मुंबईच्या आधी भरते. खाडीत आत जावं तसा उशीर वाढतो. हिशेबात तासाभराचा फरक धरायचा. नेमकी वेळ हवी तर भारतीय सर्वेक्षण विभागाची वार्षिक भरती-ओहोटी कोष्टकं पाहायची, पण काल्पनिक वर्षाच्या काल्पनिक वाडीला पाऊणचा पाढा पुरतो.

हस्तलिखितात मुलगी कार्तिक वद्य अष्टमीला पहाटे सहाला खाडीतून चालत पलीकडे जाते, पाणी गुडघ्याला. हिशेबाप्रमाणे त्या वेळी भरती टोकाला असते. म्हणजे ती बुडाली असती आणि कादंबरी पान ९१ वर संपली असती. शिवाय अष्टमी हा भांगाचा काळ : भरती फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही. चालत ओलांडायला सगळ्यात वाईट तिथी निवडली होती.

लेखिकेने अष्टमी का घेतली? चंद्रासाठी. वद्य अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्री उगवतो, आणि तिला अर्ध्या उजेडातली खाडी हवी होती. चित्र सुंदर आहे, पण पाणी ऐकत नाही.

पर्याय पहिला : पौर्णिमा. भरती अकरा-बाराला, ओहोटी पहाटे पाच-सहाला. वेळ जुळते, उधाणाची ओहोटी असल्याने पाणीही खूप उतरतं. पण पौर्णिमेचा चंद्र रात्रभर डोक्यावर आणि पहाटे समुद्रावर मावळतीला. लपून जाण्याचा प्रसंग लख्ख उजेडात होतो. पुढची दोन प्रकरणं अंधारावर उभी आहेत.

पर्याय दुसरा : अमावास्या. पाण्याच्या वेळा पौर्णिमेसारख्याच, उधाणही तसंच, आणि काळोख. पाणी, वेळ आणि अंधार तिन्ही बसतात. आश्विन अमावास्या चालत नाही, ती लक्ष्मीपूजनाची रात्र; घरोघर पणत्या आणि माणसं जागी. कार्तिक अमावास्या घेतली. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबरचा मध्य, सूर्योदय पावणेसातच्या सुमारास, म्हणजे पाच-साडेपाचला पुरेसा काळोख.

यात एक देणगी आयतीच मिळाली. कार्तिक अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, कोकणात देवदिवाळी. मुलगी परतते ती सकाळ आता देवदिवाळीची. हस्तलिखितात ती एका बिननावाच्या दिवशी घरी येत होती. लेखिकेने त्या पानात फक्त तीन ओळी घातल्या : अंगण सारवलेलं आणि आई दारात. सण कोणता ते कोणी बोलत नाही. कोकणातल्या वाचकाला कळेल, बाकीच्यांना सारवलेलं अंगण पुरे.

परतीचा प्रवासही बदलला. अष्टमीच्या भांगात पाणी हळूहळू येतं. उधाणात भरती लागली की मधल्या दोन तासांत झपाट्याने चढते. पहिला आणि शेवटचा तास संथ, तिसरा-चौथा सगळ्यात वेगवान. त्यामुळे मुलीकडे पलीकडे थांबायला पूर्वी चार तास होते, आता दीड. संवाद आपोआप आखूड झाले. प्रकरण ९ ची सव्वादोन पानं गेली आणि ते प्रकरण आता पुस्तकातलं सर्वांत चांगलं आहे.

पंधरा फुटांचा मुद्दा. मुंबईला उधाणाच्या भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते आणि दर पावसाळ्यात तो आकडा बातम्यांत येतो. तोच इथे आला. दक्षिणेकडे जावं तशी भरती-ओहोटीतली तफावत कमी होते. मालवणच्या बाजूला उधाणातही साधारण दोन-अडीच मीटर. ‘पंधरा फूट’ काढून ‘माडाच्या बुंध्यावरच्या कालच्या खुणेपर्यंत’ केलं. आकडाच नसलेला बरा. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात पट्टी नसते.

चंद्र कुठे कुठे राहिला हे शोधण्यासाठी चंद्र, चांदणं, चांद, उजेड, सावली हे पाच शब्द पूर्ण फाइलमध्ये शोधले. सावली सहा जागी निघाली. अमावास्येला माडाची सावली पडत नाही.

८ जुलै २०२५

रांपण. होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगांनी माणसं ते ओढतात. समुद्र शांत आणि किनारा सपाट हवा. पावसाळ्यात लाट फुटते, जाळं गुंडाळतं, दोर सुटला तर माणूस जातो. म्हणून त्या दिवसांत रांपण बंद. हंगाम पाऊस ओसरल्यावर. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची सरकारी बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे आणि तिचा रांपणीच्या सुट्टीशी संबंध जोडू नये. हस्तलिखितात एक पात्र ‘सरकारने रांपण बंद केली’ म्हणतं. वाक्य काढलं.

पान ३८ वरची ओढ जुलैमधून ऑक्टोबरात नेली. त्याबरोबर बदललेल्या गोष्टी : अंगावरची पावसाची इरली गेली, चिखल गेला, मासळीच्या वाट्यात बांगडा आणि तारली आली. वाट्यांचा हिशेब लेखिकेने आधीच अचूक लिहिला होता : जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, मग ओढणाऱ्यांचे. तो तसाच.

‘रापण’ की ‘रांपण’? दोन्ही लिहितात. पुस्तकभर अनुस्वारासह, कारण पात्रं तसं बोलतात.

बोली. संगणकाच्या शुद्धलेखन तपासणीने ‘माका’चा ‘मका’ आणि ‘कित्याक’चं ‘कित्येक’ केलं होतं, बारा जागी. तपासणी संवादांवर बंद ठेवायची. संवादाला वेगळी अक्षरशैली देऊन तिची भाषा ‘काहीही नाही’ निवडली की हा प्रश्न संपतो. ‘खंय’, ‘थंय’ सगळीकडे अनुस्वारासह.

प्रकरण ६ आणि ७. समीक्षकांचं म्हणणं खरं आहे. आजोबांच्या आठवणी कथानकाला थांबवतात. त्यातली दोन पानं काढली. प्रकरण ९ मधून गेलेली पानं लेखिकेने परतीच्या प्रसंगाला जवळजवळ भरून दिली आहेत, त्यामुळे एकूण दोन पानं मोकळी. १६ च्या पटीचा हिशेब मोडायचा नाही : १७४ पानांचं पुस्तक छापलं तरी कागद १७६ चाच लागतो. त्या दोन पानांत शेवटी शब्दसूची. तळटीपा नाहीत याचं कौतुक झालं आहे, ते राखायचं. पण नांदेड-चंद्रपूरच्या मुलाने खाजण, व्हाळ, भांग, उधाण कुठे पाहायचे? सूची शेवटी, २८ शब्द, पानावर कुठेही आकडा किंवा तारा नाही. ज्याला हवी तो उलटून पाहील.

११ जुलै २०२५

दोन्ही परवानग्या आल्या. मलपृष्ठासाठी वाक्य निवडणं.

परीक्षणातली सर्वांत मोठी स्तुती विशेषणांची आहे. ती घेतली नाही. ‘अप्रतिम’, ‘उत्कृष्ट’, ‘संग्राह्य’ हे शब्द प्रत्येक मलपृष्ठावर आहेत, त्यामुळे वाचक त्यांवरून सरळ घसरतो. निवडलं ते वल्ह्यावरच्या हातांचं वाक्य, १४ शब्द. त्यात पुस्तकात काय आहे ते कळतं.

कापण्याचे नियम : ‘पण’च्या अलीकडचं घ्यायचं आणि पलीकडचं सोडायचं, असं नाही. मधले शब्द गाळले तर तीन टिंबं. दोन दूरची वाक्यं जोडून एक करायचं नाही. आणि कापलेलं वाक्य समीक्षकांना पुन्हा दाखवायचं. या परीक्षणात प्रकरण ६-७ बद्दल काही छापलेलं नाही, तरी नियम तोच.

मलपृष्ठावर तीनच गोष्टी : ५५ शब्दांचा परिचय, ते वाक्य, बारकोड. परिचय १२ पॉइंट, वाक्य १४ पॉइंट, खाली नाव १० पॉइंट. समीक्षकांचं वाक्य मुखपृष्ठावर घ्यावं असा एक आग्रह होता. मुखपृष्ठावर शाळेतलं मूल चित्र पाहतं, समीक्षकाचं नाव त्याला ठाऊक नसतं. विकत घेणारा पालक आणि ग्रंथपाल पुस्तक उलटतो. जागा मागेच.

बारकोड. पूर्ण आकार ३७.२९ बाय २५.९३ मिमी, ८० टक्क्यांच्या खाली नाही, दोन्ही बाजूंना कोरी जागा. चित्रकाराने मुखपृष्ठाच्या रंगाशी जुळावा म्हणून रेघा जांभ्या दगडाच्या तांबड्या रंगात केल्या होत्या. स्कॅनरचा उजेड लाल असतो. लाल रेघ त्याला पांढरीच दिसते. रेघा काळ्या, मागे पांढरं. पुस्तकात जांभा भरपूर आहे, इथे नको.

आयएसबीएन नवी दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून, ऑनलाइन, विनाशुल्क. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, पण म्हणूनच छपाईवर भरलेला कर वळता होत नाही. तो उत्पादनखर्चात धरून किंमत काढली.

१५ जुलै २०२५

नेहमीच्या मॅपलिथो कागदाऐवजी फुगीर, बल्की कागद ठरला, नैसर्गिक छटेचा, ७० जीएसएमच. वजन तेच राहतं, जाडी वाढते. मॅपलिथो ८८ कागद सुमारे ८ मिमी, बल्की सुमारे १०. मुखपृष्ठाची फाइल ८ च्या कण्यावर तयार होती. तशीच गेली असती तर कण्यावरचं शीर्षक एक मिमी सरकून कडेवर आलं असतं आणि मलपृष्ठाची घडी बारकोडकडे सरकली असती. कोल्हापुरातून त्याच कागदाची ८८ कोऱ्या कागदांची नमुना प्रत बांधून मागवली. मोजमाप १०.२. फाइल त्यावर.

१८ जुलै २०२५

दुसरं परीक्षण. कोमट. शेवट अपुरा वाटला म्हणतात. मुलांपैकी एकीने हेच लिहिलं, ‘पुढे काय झालं ते का नाही सांगितलं?’ दोन्ही नोंदले, शेवट बदलला नाही.

२२ जुलै २०२५

प्रूफ. ११ फॉर्म, प्रत्येकी दोन बाजू, २२ प्लेट. भरती, रांपण आणि बोलीचे बदल सात फॉर्ममध्ये पसरले आहेत. प्लेट झाल्यानंतर परीक्षण आलं असतं तर १४ प्लेट पुन्हा कराव्या लागल्या असत्या, किंवा शुद्धिपत्र चिकटवावं लागलं असतं. कादंबरीला शुद्धिपत्र म्हणजे नाटकात मध्येच पडदा पाडून माफी मागणं.

कागदाचे रीम छापखान्यात वेष्टनातच दोन दिवस ठेवायला सांगितले. बाहेरून येऊन लगेच उघडला की कडा ओल पितात, मधला भाग कोरडा राहतो आणि कागद लाटा घेतो. कागदाचे तंतू कण्याला समांतर हवेत. आडवे असले तर ओलीत पानं कण्यापाशी सुरकुततात आणि पुस्तक उघडं राहत नाही. तपासायची सोपी पद्धत : तुकडा ओला करायचा, तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो ती तंतूंची दिशा.

२९ जुलै २०२५

बांधणी. नुसत्या गरम डिंकाची परफेक्ट बाइंडिंग स्वस्त, पण कागदात ओल असेल तर डिंकाच्या उष्णतेने वाफ होते, बुडबुडे राहतात आणि महिन्याभरात मधलं पान हातात येतं. ग्रंथालयात फिरणाऱ्या कुमार पुस्तकाला ते परवडत नाही. फॉर्म शिवून मग डिंक. खर्च वाढला, वेळ तीन दिवस वाढला. तपासणी : पाच प्रती मधोमध १८० अंश उघडून एकेक पान ओढून पाहिलं. चार ठीक. पाचवीत फॉर्म ७ आणि ८ उलटसुलट लागले होते. त्यानंतर सगळ्या प्रतींचे फॉर्म कण्यावरच्या खुणांनी पाहिले. प्रत्येक फॉर्मच्या घडीवर जिना उतरल्यासारखी खूण छापलेली असते, क्रम चुकला की पायरी तुटते. तीन प्रती निघाल्या.

६ ऑगस्ट २०२५

माल आंबा घाटातून आला. ४० प्रतींचे २७ गठ्ठे आणि २० चा एक, सव्वादोनशे किलो. ताडपत्री दोन थर. एक गठ्ठा कोपऱ्यात भिजला, ९ प्रती बाद.

मुखपृष्ठं बाहेरच्या बाजूला वळली. कारण एकाच बाजूचं लॅमिनेशन : आतली उघडी बाजू ओल पिऊन पसरते, बाहेरची प्लास्टिकखाली तशीच राहते. उपाय : दहा-दहाचे थर, कणे आलटून पालटून, वर फळी आणि वजन, खोलीत आर्द्रता शोषणारं यंत्र. वळलेली पुस्तकं लगेच प्लास्टिकमध्ये बंद करायची नाहीत, ओल आतच अडकते. बहुतेक सपाट झाली.

साठा वरच्या मजल्यावर. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं, ते इथे कोणी विसरलेलं नाही.

८ ऑगस्ट २०२५, नारळी पौर्णिमा

प्रकाशन. मासिकाचा अंक ४ तारखेला बाहेर आला होता, त्यामुळे आज परीक्षण उघडपणे वापरता आलं. मासिकाच्या नावासह, पूर्ण परीक्षणाचा पुनर्मुद्रित कागद ग्रंथपालांना पाठवायच्या प्रतींत घातला. दुकानांना फक्त ते १४ शब्दांचं वाक्य. विक्रेत्याला ९०० शब्द वाचायला वेळ नसतो, खरेदी समितीपुढे ठेवणाऱ्या ग्रंथपालाला मात्र तेच लागतात.

पुस्तक प्रदान कायदा १९५४ प्रमाणे ३० दिवसांत प्रती : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. पहिल्याच आठवड्यात पाठवून पावत्या फाइलला. श्रेयपानावर ‘पहिली आवृत्ती : ऑगस्ट २०२५’ आहे याची खात्री केली, राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी कॅलेंडर वर्षातली पहिली आवृत्ती पाहतात.

समीक्षकांना दोन प्रती, पान ९१ ला खूण घालून.

१३ ऑगस्ट २०२५

समीक्षकांचं उत्तर. भरती पटली, देवदिवाळी ओळखली. आणि पान ९४, ओळ ११ : अमावास्येच्या रात्री मुलगी ‘चांदण्यात’ होडी शोधते. पाच शब्द शोधले होते, त्यात ‘चांदणं’ होतं. शोध पूर्ण शब्द जुळवून केला होता, ‘चांदण्यात’ हे रूप त्यात सापडत नाही. दुसऱ्या छपाईसाठी नोंद : ‘चांदण्यात’चं ‘चांदण्यांत’ करणे. एक अनुस्वार, चंद्र जातो, तारे येतात, ओळ हलत नाही.